मडमेसाठी स्थळ

मलकापुरात घोडे पुष्कळ होते. टांग्याचे होते, मोताळ्याच्या बाजाराला मिरच्या वाहून नेणारे होते, लग्नसराईपुरते रंगवून पांढरे केलेलेही होते. पण पुण्याच्या शर्यती मारलेली, अस्सल विलायती रक्ताची घोडी अख्ख्या गावात एकच होती, आणि ती महादेवराव अडत्यांच्या गोठ्यात एक म्हैस आणि सरकीची पोती यांच्या मधल्या जागेत उभी असे.

कापूस कंपनीचा साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा स्टेशनाबाहेर त्याने तिचा लगाम महादेवरावांच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "महादेव, हिला टांग्याला जुंपू नकोस." इतक्या वर्षांच्या व्यवहारात साहेबाने त्यांच्या हाताला हात लावला तो एवढाच. महादेवरावांनी लगाम दोन्ही हातांनी धरला. ते "नाही साहेब" म्हणाले. गाडी गेली. घोडी राहिली, आणि शब्दही राहिला.

घोडीचं नाव लेडी विनिफ्रेड. ते महादेवराव सोडून कोणालाच घेता येईना, म्हणून त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी तिला मडम म्हणायला सुरुवात केली. "मडमेनं आज तुळस खाल्ली," "मडमेले आपला हौद नाही आवडत, घागरीतलं लागते," अशा बातम्या रोज माजघरातून बाहेर येत.

मडमेला एक खोड होती. शर्यत सुटताना घंटा वाजते म्हणतात. ती घंटा तिच्या अंगात इतकी भिनली होती की स्टेशनावर गाडी सुटायची घंटा झाली की मडम असेल तिथून सुटे. अंगण लहान. ती तीन ढांगांत कुंपणाच्या भिंतीला पोचे, थांबे, आणि आपल्याला इकडे काही काम होतं ते आता आठवत नाही, असा चेहरा करून उभी राही. तिची देखभाल करणारा कडूबा घंटेच्या सुमाराला तिचा दोर कधी हातात धरत नसे. एकदा धरला होता.

संध्याकाळी महादेवराव अंगणात बाजेवर पडत. जिनिंगचे दिवस असले की मलकापूरच्या हवेत कापूस तरंगतो. झाडांवर, पागोट्यांवर, चहाच्या कपात, सगळीकडे. त्या उडत्या कापसात मडम उभी राहिली की तिचे पाय दिसेनासे होत आणि ती ढगावर उभी आहे असं वाटे. मग महादेवरावांचे डोळे अर्धे मिटत आणि त्यांना ते शिंगरू दिसे. अजून न जन्मलेलं, लांब पायांचं, तांबूस. हिरवंगार मैदान, पांढरा कठडा, टोप्या हातात घेऊन उभे राहिलेले साहेब लोक. आणि सगळ्यांच्या पुढे, जमिनीला खूर न लावता, त्यांचं शिंगरू. त्याचं नावही त्यांनी ठेवून टाकलं होतं: 'मलकापूर मेल'.

या स्वप्नात एकच उणीव होती. शिंगराला बाप नव्हता.

एका सकाळी शाळेचे हेडमास्तर आणि दोन प्रतिष्ठित पाहुणे ओसरीवर चहा घेत असताना कडूबाने फाटकातूनच आरोळी दिली, "मालक! मडम माजावर आली!"

हेडमास्तरांनी बशी खाली ठेवली. महादेवरावांनी पंचांगात तोंड घातलं. ही बातमी शेजारी नारायणरावांनी ऐकली, आणि तिथून हे प्रकरण महादेवरावांच्या हातात राहिलं नाही.

नारायणराव म्हणजे पेन्शनीतले पटवारी. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्यामुळे जगातली कोणतीही गोष्ट आपण मोजू शकतो अशी त्यांची खात्री होती. ते उपरणं सावरत आले आणि महादेवरावांच्या बाजेवर बसले.

"घोडा पाहून राह्यले म्हनते तुमी?"

"पाहतो आहे."

"मंग असं बाजेवर पडून काऊन पाहून राह्यले? हे घोडा पाहनं नोहे, महादेवराव. स्थळ पाहनं आहे. आधी कूळ पाहा लागते, मंग अंगावरचे भोवरे, मंग दात. छातीवर देवमण भोवरा पाहिजे. नसला तं घर बसते, सांगून ठेवतो."

आतून कौशल्याबाई म्हणाल्या, "पोटच्या पोरीचं, पुष्पीचं लग्न तं एका दुपारात ठरवलं होतं बाप्पा. जेवाले बी थांबले नव्हते."

हे खरं असल्यामुळे महादेवरावांनी ऐकलं नाही.

मग कौशल्याबाई बाहेरच आल्या. अक्षय्य तृतीया, म्हणजे वऱ्हाडातली आखाजी, जवळ आली होती. त्यांच्या हातात सूप होतं. त्यात घोडीसाठी निवडलेला हरभरा होता. "ऐका. आखाजीपर्यंत तुमचा घोडा ठरला तं ठरला. नाही तं आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मडम टांग्याले. म्या टांगेवाल्याले सांगून ठेवलं. हरभरा म्या निवडाचा, तिनं खायाचा, अन् तुमी तिच्याकडं पाहत झोपाचं. किती दिवस?"

महादेवरावांच्या डोळ्यांपुढे साहेब आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फक्त हात पुढे केलेला होता, लगाम परत मागण्यासाठी.

पहिलं स्थळ वडनेर भोलजीचं होतं. नारायणरावांच्या मेहुण्याच्या ओळखीचं. घोडा पांढराशुभ्र, नाव मोती, पंचक्रोशीतल्या सगळ्या नवरदेवांना पाठीवर घेतलेला. मालकाने पाहुण्यांच्या मानासाठी वाजंत्रीवाले बोलावून ठेवले होते. ताशा कडाडला, सनई लागली, आणि मोती पळायला लागला. पुढचे पाय छातीपर्यंत उचलून, मान वाकवून, घाम येईपर्यंत पळाला. फक्त तो जागचा हलला नाही. वाजंत्री थांबली तेव्हा ज्या खड्ड्यात उभा होता त्याच खड्ड्यात होता, खड्डा थोडा खोल झाला होता एवढंच.

"चाल आहे बरं," नारायणराव म्हणाले.

महादेवरावांचे डोळे अर्धे मिटले होते. त्यांना हिरवं मैदान दिसत होतं. शर्यत सुटली होती. बाकीचे घोडे वळण घेऊन परत येत होते, आणि मलकापूर मेल सुरुवातीच्या रेघेवर, साहेब लोकांच्या टाळ्यांच्या तालावर नाचत होती.

दुसरं स्थळ सरकारी होतं. बुलढाण्याला सरकारने एक अरबी घोडा ठेवला होता. शेतकऱ्यांच्या घोड्या सुधाराव्यात हा हेतू. महादेवराव आणि नारायणराव बैलगाडीने राजूरचा घाट चढून गेले. घाटात हवा गार झाली तसे महादेवराव पुन्हा स्वप्नात शिरले, ते जनावरांच्या डॉक्टरसाहेबांच्या टेबलापाशीच जागे झाले.

"घोडीची जात?" डॉक्टरांनी विचारलं.

"अस्सल विलायती. शर्यतीची."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. "मग जमणार नाही. हा घोडा घोड्या सुधारण्यासाठी आहे. तुमची सुधारलेली आहे."

"म्हणजे तर चांगलंच की."

"तुमच्यासाठी चांगलं. योजनेसाठी नाही. जी सुधारली ती सुधारता येत नाही. उद्या मला वरून विचारतील, काय सुधारलं? मी काय दाखवू?"

नारायणरावांनी खुर्ची पुढे ओढली. "साहेब, ती आता तेवढी सुधारलेली नाही राह्यली. आमच्याकडं आल्यापासून सरकी खाते. म्हशीसंगं राहते. बरीच बिघडली."

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी टाक पुन्हा उचलला. "पूर्ण बिघडली की आणा," ते म्हणाले.

खिडकीतून तो अरबी घोडा दिसत होता. सावलीत उभा, एका काटक तट्टाणीची वाट पाहत. महादेवरावांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. हातचं सोन्यासारखं स्थळ आपल्या मुलीच्या चांगुलपणामुळे गेल्यावर बापाला कसं वाटत असेल, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

तिसरं स्थळ नारायणरावांनी बुलढाण्याच्या धर्मशाळेतच शोधून काढलं. धाडच्या पलीकडे निजामाची मोगलाई लागते. तिथले रामराव जहागीरदार, त्यांचा घोडा शहाबाज. इतक्या जवळ आलोच आहोत तर पाहून जाऊ, असं म्हणून गाडी तिकडे वळली.

जहागीरदारांनी गुलाबपाणी शिंपडलं, सरबत दिलं, लोड दिले. मग शहाबाजला आणलं. मखमली झूल, कपाळावर चांदीचा चांद, आणि उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून शेजारी छत्री धरलेला माणूस. काळाभोर घोडा लिंबाच्या झाडाखाली येऊन उभा राहिला आणि असा उभा राहिला की पाहणाऱ्याने पदर पसरावा. नारायणरावांनी छाती पाहिली. देवमण होता. गळा पाहिला, कपाळ पाहिलं, दात पाहिले. जहागीरदारांनी कूळ सांगितलं. पणजा अरबस्तानातून जहाजाने आला, आजा हैदराबादेत धावला, बाप राजेलोकांच्या पागेत गेला.

"जरा पळवून पाहू या?" महादेवराव नारायणरावांच्या कानाशी लागले.

नारायणरावांच्या हातातला सरबताचा पेला हिंदकळला. "काय बोलून राह्यले? पोरीले चालून दाखव म्हनतात. नवरदेवाले कोनी चालून दाखव म्हनते का? आत्ता उठून जातीन हे लोक! आपन मुलीकडचे आहो, मुलीकडच्यासारखं बसा."

महादेवराव मुलीकडच्यासारखे बसले. पुष्पीच्या वेळी मुलाकडच्या लोकांनी तिला अंगणभर चालवलं होतं आणि जावयाला लोडावरून उठवलं नव्हतं, हे त्यांना आठवलं. रिवाज होता.

जहागीरदार हसून म्हणाले, "आमचा शहाबाज धावत नाही, महादेवराव. तशरीफ नेतो."

महादेवरावांना हे वाक्य फार आवडलं. परतीच्या वाटेवर ते त्यांनी मनाशी पुष्कळदा घोळवलं. त्यात काही सांगितलेलं असेल अशी शंका त्यांना आली नाही.

स्थळ ठरलं, आणि हद्दीवरच्या निजामाच्या नाक्यावर अडलं.

नाक्याचे कारकून निवृत्तीराव बारीक चणीचे, तंबाखू मळत बसलेले. नाक्यामागे बाभळीला एक तट्टू बांधलं होतं. रंग उंदराचा, एक कान पांढरा, पाय आखूड, आणि डोळ्यांत सरकारी नोकराची शांत उदासी. "हे सरकारी जनावर," निवृत्तीराव म्हणाले. "विना परवाना कुणी हद्द ओलांडली का दोर तोडून मागं लागतं. हुकूम द्यावा लागत नाही. बोला, काय काम?"

महादेवरावांनी सांगितलं.

निवृत्तीराव बराच वेळ तंबाखू मळत राहिले. "घोडी जाताना किती?"

"एक."

"येताना?"

"एकच की."

"तसं कसं? पोटात घोडा घेऊन येईल. तो घोडा मोगलाईचा. म्हणजे मोगलाईतून घोडा बाहेर चालला. त्याला दरबाराचा परवाना लागतो. परवान्यात घोड्याचा रंग, उंची, खुणा लिहाव्या लागतात. सांगा तुम्ही, काय लिहू?"

नारायणराव म्हणाले, "पन साहेब, तो तवा एवढासा बी नसते!"

"एवढा असो का तेवढा. कायद्यात घोड्याचा आकार दिला नाही."

महादेवराव नाक्याच्या पायरीवर बसले. समोर हद्दीचा दगड होता. एका बाजूला वऱ्हाड, दुसऱ्या बाजूला मोगलाई, मध्ये काहीच नाही. एकच रान, एकच बाभळी, एकच ऊन. आखाजीला आठवडा राहिला होता. त्यांचा चेहरा पाहून निवृत्तीराव विरघळले. शेवटी त्यांनाही दोन मुली होत्या.

"असं करा. घोडीला हद्द ओलांडू देऊ नका. दगडाच्या तिकडं, वऱ्हाडातच उभी करा. जहागीरदारांचा घोडा दगडाच्या इकडं राहू द्या. मग त्याने तिकडं पाय टाकला, तर तो तुमच्या वऱ्हाडच्या सरकारचा प्रश्न."

"अन् तुमाले दिसलं तं?"

"मी तंबाखू मळतो तेव्हा मला दिसत नाही."

आखाजीच्या दोन दिवस आधी मुहूर्त धरला. कौशल्याबाई म्हणाल्या, "लेकीचं कार्य अन् माय घरी? मी येनार." त्यांनी मडमेच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, तोंडात गुळाचा खडा दिला आणि धाडपर्यंत दमणीत बसून आल्या. बरोबर दशम्याही घेतल्या, कारण व्याही कसे निघतील सांगता येत नाही.

दगडाच्या अलीकडे मडम. पलीकडे शहाबाज, छत्रीखाली. जहागीरदारांनी अत्तर लावलं. निवृत्तीराव नाक्यात तंबाखू मळू लागले. कडूबाने मडमेचा दोर सैल केला आणि तो आदराने दुसरीकडे पाहू लागला. सगळेच दुसरीकडे पाहू लागले.

बराच वेळ काही झालं नाही. शहाबाज उत्तम उभा होता. मडमेने त्याच्याकडे एकदा पाहिलं. स्टेशनमास्तराने नवीन लावलेलं वेळापत्रक पाहावं तसं. मग ती आभाळाकडे पाहू लागली.

आणि नाक्यावर पहारा बदलल्याची घंटा झाली.

कडूबा फक्त "अरे बाप!" म्हणाला. तोवर दगड मागे पडला होता. मडम मोगलाईत शिरली होती आणि तिच्यापुढे पहिल्यांदाच भिंत नव्हती.

महादेवराव उभे राहिले. इतकी वर्षं त्यांनी तिला उभीच पाहिली होती, आणि धावताना पाहिलं ते मिटल्या डोळ्यांनी. आता डोळे उघडे होते आणि दिसत तेच होतं. वखरलेल्या काळ्या रानावरून ती निघाली, मान लांब, शेपूट सरळ. खुरांचा आवाज आधी मोठा झाला, मग बारीक, मग तो आपल्या छातीत होतोय की जमिनीत ते कळेना. उन्हाच्या झळांमध्ये तिचे पाय विरघळले. ती पुन्हा ढगावर गेली. आजूबाजूला कोणी टोपी हातात घेतली नाही, पण नारायणरावांचं पागोटं खाली पडलं होतं आणि ते त्यांनी उचललं नव्हतं. कौशल्याबाईंच्या हातात अर्धी दशमी तशीच होती.

"अगं माय," त्या हळू म्हणाल्या. "हे अशी पयते?"

मागोमाग शहाबाज निघाला. खानदानाला आव्हान होतं. तो लिंबाच्या दुसऱ्या झाडापर्यंत गेला, तिथे थांबला, धापा टाकत मागे वळला आणि छत्रीवाल्याकडे पाहू लागला. छत्रीवाला पळत जाऊन त्याच्यावर छत्री धरता झाला.

"धावत नाही तो," जहागीरदार खिन्नपणे म्हणाले. "मी सांगितलं होतं."

याच सुमाराला बाभळीखाली दोर तुटल्याचा आवाज आला. विना परवाना हद्द ओलांडली गेली होती. उंदरी तट्टू कान मागे टाकून, आखूड पायांनी, घाई न करता, रानातल्या नेमक्या आडवाटेने कामावर निघून गेलं.

मंडळी बाभळीखाली बसली. दशम्या खाल्ल्या. व्याह्यांनीही खाल्ल्या. ऊन उतरायला लागलं तेव्हा दोन्ही जनावरं परत आली. आली ती वऱ्हाडाच्या बाजूने. केव्हा कुठून वळली, हद्द किती वेळा ओलांडली, कोणाला कळलं नाही. दोघं ओढ्याच्या पाण्याने भिजलेली, पुढे मडम, तिच्या खांद्याशी खांदा लावून तट्टू. तट्टू मुकाट्याने बाभळीपाशी गेलं आणि तुटका दोर गळ्यात असूनही बांधल्यासारखं उभं राहिलं.

"धरून आणली त्यानं," निवृत्तीराव अभिमानाने म्हणाले. तट्टाला कोणी स्थळ म्हणत नाही. त्यामुळे पुढे कोणी काही विचारलं नाही.

आखाजी आली. शिंगराचा पत्ता नव्हता, घोड्याचाही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी टांगेवाला नवं जोत घेऊन फाटकात उभा राहिला. महादेवराव गोठ्यात गेले. त्यांनी मडमेच्या मानेवर हात ठेवला. साहेबाची क्षमा मागावी म्हणून इंग्रजी शब्द जुळवू लागले, तर एकही येईना.

बाहेर कौशल्याबाईंचा आवाज आला. "जाय बाप्पा तू. नाही द्याची घोडी."

"तुमीच तं बोलावलं, बाई?"

"म्या बोलावलं तवा तिले पयताना नव्हतं पाहिलं. जाय. पानी पे अन् जाय."

मग त्या सूप घेऊन हरभरा निवडायला बसल्या. महादेवराव गोठ्याच्या दारातून पाहत राहिले.

दिवाळीनंतर हेडमास्तर पुन्हा ओसरीवर चहा घेत असताना कडूबा फाटकातून ओरडला, "मालक! मडम गाभण हाय!" हेडमास्तरांनी या खेपेला बशी हातातच धरली होती.

नारायणराव म्हणाले, शहाबाजच. दुरून नजर लागली. कुळाचा गुण असते.

फाल्गुनात एका पहाटे, हवेत कापूस तरंगत असताना, शिंगरू झालं. कौशल्याबाई गोठ्यात होत्या. महादेवराव बाहेर बाजेवर डोळे मिटून बसले होते. लांब पाय, तांबूस रंग. हिरवं मैदान.

"या पाहाले," आतून हाक आली. हाकेत हसू होतं.

शिंगरू मडमेच्या पोटाखाली उभं होतं. रंग उंदराचा. पाय आखूड. डोळ्यांत आत्ताच, जन्माच्या पहिल्याच तासाला, सरकारी नोकराची शांत उदासी. आणि एक कान पांढरा.

नारायणरावांनी छाती तपासली. देवमण नव्हता. ते उपरणं सावरून घरी गेले.

बाराव्या दिवशी फाटकात निवृत्तीराव उभे. मोगलाईतून आले होते. बातमी कशी लागली देव जाणे. हातात गुळाची ढेप आणि काखेत एक छोटं कुंचडं, पांढऱ्या कानासाठी भोक ठेवलेलं.

"नातवाला पाहायला आलो," ते म्हणाले. मग थोडं लाजून पुढे, "परवान्याचं मनात आणू नका. माल मोगलाईचा, पण तयार वऱ्हाडात झाला असणार. माझी हद्द दगडापर्यंत."

कौशल्याबाईंनी पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली, पुरण वाढलं. व्याह्याचा मान होता, तो पुरता झाला.

जेवण होऊन मंडळी अंगणात आली तेव्हा स्टेशनावर घंटा झाली. मडम सुटली. तीन ढांगा, भिंत. तिच्या मागून शिंगरू निघालं. ते भिंतीकडे गेलंच नाही. त्याने आखूड पायांनी नेमकी आडवाट धरली, उघड्या फाटकातून बाहेर पडलं आणि रुळांलगतच्या पायवाटेला लागलं. पॅसेंजर नुकती हलली होती, धूर ओकत, एकेक डबा ओढत. शिंगरू तिच्या बाजूने निघालं. इंजिनाला गाठलं. मागे टाकलं. सिग्नलपर्यंत ते पुढे होतं. खिडक्यांतून माणसं टोप्या, पागोटी, पदर हलवत होती.

महादेवराव फाटकात उभे होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"मेल नाही झाली तुमची," कौशल्याबाई त्यांच्या खांद्याशी येऊन म्हणाल्या. "पॅशिंजर झाली."

"हो."

"बरंच झालं. मेल काय, आपल्या ठेसनावर थांबते का धड?"

सिग्नलपाशी गाडीने शिट्टी दिली आणि ती पुढे गेली. उडत्या कापसात पांढरा कान तेवढा दिसत होता. मग तो वळला, आणि सावकाश, धरून आणल्यासारखा, घराकडे येऊ लागला.